अचानक गेलेला कान आणि न विचारलेला प्रश्न: कान-नाक-घसा संशोधकांना खुले पत्र

प्रति,
कान-नाक-घसा क्षेत्रातील संशोधक, त्यांच्या व्यावसायिक संघटना, संशोधन नियतकालिकांचे संपादक आणि संशोधनाला निधी देणाऱ्या संस्था यांस,

स. न. वि. वि.

जर्मनीतल्या ३९ केंद्रांत झालेल्या 'होडोकॉर्ट' या ट्रायलचे निष्कर्ष २०२३च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. एखाद्याचा कान अचानक गेला तर स्टेरॉइडचा मोठा डोस द्यावा की नेहमीचा, एवढाच तिचा प्रश्न होता. रुग्ण ३२५, गट तीन. एका गटाला रोज २५० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन शिरेतून, दुसऱ्याला ४० मिलिग्रॅम डेक्सामेथासोन तोंडावाटे आणि तिसऱ्याला नेहमीचं ६० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन. महिन्याभराने ऐकणं मोजलं, तर मोठ्या डोसचा जादा फायदा काही नाही. दुष्परिणाम मात्र जास्त. जिथे मोठे डोस देण्याचीच रीत पडली होती, तिथल्याच डॉक्टरांनी आपली रीत तपासायला घेतली आणि उलट आलेला निकाल न लपवता छापला. त्याबद्दल मनापासून आदर आहे.

पण लेख वाचून संपला तरी मी चौथा गट शोधत होते. स्टेरॉइड न दिलेल्या रुग्णांचा गट.

तो तिथे नव्हता. २०११ साली अमेरिकेत २५० रुग्णांवर झालेल्या ट्रायलमध्येही नव्हता. तिथे गोळ्या आणि कानाच्या पडद्यातून आत दिलेलं इंजेक्शन यांची तुलना झाली आणि दोन महिन्यांनी दोन्ही सारखेच निघाले. दोन उपाय सारखे निघाले की त्याचे दोन अर्थ होतात: दोन्ही सारखेच गुणकारी, किंवा दोन्ही सारखेच निरुपयोगी. यातला कुठला, हे त्या ट्रायलमधून कळूच शकत नाही. हे तुम्हाला माझ्यासारखीने सांगावं असं नाही, तुम्ही ते रोज विद्यार्थ्यांना शिकवता.

मग स्टेरॉइडला आधार कशाचा? १९८० सालच्या विल्सन आणि सहकाऱ्यांच्या एका लहान ट्रायलचा. त्यात स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी ६१ टक्के सुधारले आणि प्लासिबो (म्हणजे औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी) घेतलेल्यांपैकी ३२ टक्के. पुढे २०१२ साली स्वीडनमध्ये १०३ रुग्णांवर प्लासिबोशी तुलना झाली, तेव्हा फरक दिसला नाही. एक ट्रायल हो म्हणते, एक नाही म्हणते, आणि बाकीचा बहुतेक खटाटोप डोस किती आणि कुठून द्यायचा यावर. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ची मार्गदर्शक तत्त्वंसुद्धा स्टेरॉइड 'देता येईल' असं म्हणतात, 'द्यावंच' असं म्हणत नाहीत. तपासणीच्या खोलीत मात्र 'येईल' कधीचं गळून पडलेलं असतं. समोरचा माणूस घाबरलेला असतो, त्याला काहीतरी हवं असतं, डॉक्टरांनाही काहीतरी द्यायचं असतं. त्यात वाईट हेतू कुणाचाच नाही. पण मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाने या गोळ्यांपायी साखर चढवून घ्यावी की नाही, हे ठरवायला त्याच्या हातात काही आकडा हवा की नको?

आता मी कोण, ते सांगते. मी शाळेत शिकवते. एका सकाळी उजव्या कानाला फोन लावला तर पलीकडून काहीच ऐकू येईना. फोन बिघडला म्हणून डाव्या कानाला लावला, तर पलीकडचं माणूस बोलतच होतं. उजव्या कानात दडपा बसलेला आणि आत एक बारीक, एकसुरी शिट्टी. त्याच दिवशी दवाखाना गाठला. कानात बॅटरी मारून पाहिली गेली. थोडा मळ आहे, सर्दीने कान भरलाय, थेंब घाला, आठवड्याने दाखवा. आठवड्याने थेंब बदलून मिळाले. श्रवणचाचणी झाली तोवर उपचार सुरू करण्याची दोन आठवड्यांची मुदत उलटून गेली होती. ऑडिओग्रामवर डाव्या कानाची रेघ वरच्या अंगाला सरळ चाललेली आणि उजव्याची उतरत उतरत कागदाच्या तळाला टेकलेली. चाचणी घेणाऱ्या ताईंनी विचारलं, "इतके दिवस का थांबलात?" मी थांबले नव्हते. पहिल्या दिवसापासून उपचारच घेत होते.

म्हणून माझी पहिली तक्रार औषधाबद्दल नाही, पहिल्या दाराबद्दल आहे. व्याख्या तुमचीच आहे: ७२ तासांच्या आत, लागोपाठच्या तीन फ्रिक्वेन्सींवर निदान ३० डेसिबल ऐकणं कमी झालं तर ती अचानक आलेली चेतासंवेदी बधिरता, म्हणजे आतला कान किंवा त्याची नस दुखावल्याने आलेला बहिरेपणा. अमेरिकेतल्या अंदाजानुसार वर्षाला दर लाख लोकांमागे ५ ते २७ जणांना ती होते. श्रवणचाचणी शक्य तितक्या लवकर आणि फार तर १४ दिवसांत व्हावी, स्टेरॉइड द्यायचंच तर पहिल्या दोन आठवड्यांत द्यावं, सुधारणा अपुरी राहिली तर दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यादरम्यान कानात इंजेक्शनचा विचार व्हावा, श्रवणाच्या नसेवर गाठ नाही ना हे पाहायला एमआरआय करावा. कागदावर सगळं नीट आहे. फक्त हा कागद तुम्ही एकमेकांना वाचून दाखवता. कान गेलेला माणूस तुमच्याकडे पहिल्यांदा येतच नाही. तो जवळच्या डॉक्टरांकडे जातो, औषधाच्या दुकानात जातो, नाहीतर 'सुटेल आपोआप' म्हणून घरी बसतो.

आणि मळाने बसलेला कान व नस गेलेला कान वेगळा ओळखायला फार मोठं यंत्रही लागत नाही. ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क ठोकून कपाळाच्या मध्यावर टेकवायचा, एवढंच. वेबर यांच्या नावाने ही चाचणी एकोणिसाव्या शतकापासून ओळखली जाते. फोर्क नसेल तर तोंड मिटून नुसतं गुणगुणायचं. हे वाचता वाचता एका कानात बोट घालून गुणगुणून पाहा. आवाज बोट घातलेल्या कानात सरकेल. मळ किंवा सर्दीने कान बंद असेल तेव्हा असंच होतं, आवाज बसलेल्या कानाकडे ओढला जातो. आतली नस किंवा कॉक्लिया (आतल्या कानातला शंखासारखा, ऐकण्याचा भाग) दुखावली असेल तर उलट होतं, आवाज चांगल्या कानात जातो. माझा डावीकडे जात होता. पहिल्याच दिवशी जात असणार, कारण त्या आठवड्यात मी वर्गात बोलले की माझाच आवाज मला डावीकडून येतोय असं वाटायचं. गुणगुणण्याने निदान पक्कं होत नाही हे मला मान्य आहे. पण आज चाचणीला पाठवायचं की आठवड्याने बोलवायचं, एवढं तरी त्यावरून ठरू शकतं. जनुकांच्या पातळीवर कान दुरुस्त करू पाहणाऱ्या क्षेत्राला हे एवढं वाक्य सामान्य डॉक्टरांपर्यंत पोहोचवता येऊ नये, हे मला पटत नाही.

पोहोचवणं हे आमचं काम नाही, आम्ही संशोधक आहोत, असं कुणी म्हणेल. मग दुसरी तक्रार ऐका, ती निव्वळ संशोधनाची आहे. उशिरा आलेला रुग्ण तुमच्या आकड्यांत कुठेच नाही. अमेरिकेतल्या ट्रायलमध्ये त्रास सुरू होऊन १४ दिवसांच्या आत आलेलेच घेतले, होडोकॉर्टमध्ये सात दिवसांच्या आतले. ट्रायलच्या दृष्टीने ते योग्यच आहे, सगळे एका रेषेत हवेत. पण त्यामुळे तुमच्या लेखांतून दिसणारा रुग्ण हा वेळेत पोहोचलेला रुग्ण असतो. बाकीच्यांचं काय होतं? त्यांतले किती आपोआप सुधारतात, किती जणांचा कान कायमचा जातो, त्यांना उशीर कुणामुळे झाला? किती रुग्ण घेतले, किती वगळले हे दाखवणाऱ्या तुमच्या लेखातल्या आकृतीत वगळलेल्यांची संख्या एका चौकोनात असते. तो चौकोन उघडून दाखवायची तसदी क्वचितच घेतली जाते. मी त्या चौकोनातली आहे.

तिसरी तक्रार मोजमापाची, आणि इथे मला जरा जास्त बोलायचं आहे. १९७५ साली सिगल यांनी मांडलेली कसोटी अजूनही वापरात आहे. तिच्यानुसार १५ डेसिबलपेक्षा जास्त सुधारणा झाली, पण अंतिम पातळी ४५ डेसिबलपेक्षा वाईटच राहिली, तर तो रुग्ण 'किंचित सुधारणा' या रकान्यात बसतो. विल्सन यांची कसोटी वेगळी, आणखी कुणाची आणखी वेगळी. त्यामुळे तेच रुग्ण एका लेखात सुधारलेले ठरतात आणि दुसऱ्यात नाही. एका लेखातली टक्केवारी दुसऱ्याशेजारी ठेवून वाचणाऱ्याची फसगतच होते, आणि रुग्णाला सांगितली जाते ती नेमकी अशी उचललेली टक्केवारी.

शिवाय मोजता काय? शांत, बंद खोलीत, हेडफोनमधून येणारे शुद्ध सूर. त्या खोलीत मी राहत नाही. आवाज उजवीकडून आला की डावीकडून हे मेंदू ठरवतो ते दोन कानांतल्या फरकावरून. दूरच्या कानाला तोच आवाज एक हजारांश सेकंदापेक्षाही कमी उशिराने आणि थोडा क्षीण पोहोचतो, त्यावर सगळा हिशोब. एक कान गेला की हिशोबच संपतो. वर्गात मागून "बाई" अशी हाक आली तर ती कुणी मारली हे मला आता कळत नाही. मी सगळ्या चेहऱ्यांवरून नजर फिरवते आणि ज्याचे ओठ हलताहेत तो शोधते. दोन मुलं एकदम बोलली की दोघांचंही जातं. उजवीकडून कुणी हळू बोललं तर ते बोललंय हेच कळत नाही, आणि माणसं समजतात की बाईंनी दुर्लक्ष केलं. संध्याकाळी डोकं जड होतं ते आवाजाने नाही, दिवसभर अंदाज बांधून. यातलं ऑडिओग्रामवर काही उमटत नाही. होडोकॉर्टने शब्द समजण्याची चाचणीही घेतली होती, तिची नोंद घेते. पण मुख्य निकष डेसिबलच होता, आणि तोही तिसाव्या दिवशीचा. कानातली शिट्टी तिसाव्या दिवशी थांबत नाही.

हे दुरुस्त करता येतं, आणि तुमच्यातल्याच काहींनी ते करून दाखवलंय. एका कानाच्या बहिरेपणावरच्या उपचारांसाठी 'क्रॉस-एसएसडी' या उपक्रमात तज्ज्ञ आणि रुग्ण एकत्र बसले आणि प्रत्येक अभ्यासात निदान काय मोजलं जावं हे ठरवलं. यादीत तीन गोष्टी राहिल्या: आवाजाच्या दिशेचं भान, गोंगाटात चारचौघांतलं संभाषण, आणि समाजात वावरण्यावर होणारा परिणाम. रुग्णाला विचारलं की यादी अशी होते. हीच शिस्त अचानक गेलेल्या कानाच्या ट्रायलला लावायला अडचण कसली आहे, ते मला खरंच समजून घ्यायचं आहे.

संपादक मंडळींशी वेगळं बोलायचं आहे. माझा कान गेल्याचं कळल्यावर ओळखीच्यांनी मला बातम्या पाठवायला सुरुवात केली: श्रवणयंत्र लावलं नाहीस तर स्मृतिभ्रंश होईल. त्यातली एक बातमी 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मधल्या २०२३च्या लेखावर बेतलेली होती. ब्रिटनमधल्या लाखो लोकांच्या आरोग्याची माहिती साठवणाऱ्या यूके बायोबँकेच्या माहितीवरचा तो लेख त्याच वर्षी डिसेंबरात मागे घेण्यात आला, कारण संगणकीय कोडमधल्या चुकीमुळे यंत्र वापरणाऱ्यांची आणि न वापरणाऱ्यांची माहितीच अदलाबदल झाली होती. नियतकालिकाने लेख मागे घेतला, ते योग्य केलं. पण मूळ बातमी मला चार जणांनी पाठवली, मागे घेतल्याची एकानेही नाही. त्याच वर्षीच्या 'अचीव्ह' ट्रायलचं तसंच. ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षं चाललेल्या या ट्रायलचा मुख्य निकाल असा की सगळ्यांचा मिळून विचार करता श्रवणयंत्राने बौद्धिक घसरण कमी झाल्याचं दिसलं नाही. ज्यांना आधीच धोका जास्त होता त्या गटात मात्र घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. हा दुसरा निष्कर्ष महत्त्वाचा आहेच, पण जगभर फिरला तो फक्त ४८चा आकडा. घाबरवून यंत्र विकणाऱ्यांना तो आयता मिळाला. यंत्र ऐकण्यासाठी लावावं, एवढं कारण पुरेसं नाही का?

नव्या उपचारांबद्दल माझी कुरकुर नाही. ओटोफर्लिन जनुकातल्या दोषाने जन्मतः ऐकू न येणाऱ्या सहा मुलांना शांघायमध्ये जनुकोपचार दिला आणि त्यांतल्या पाच जणांचं ऐकणं सुधारलं, हा २०२४चा अहवाल वाचून मला फार आनंद झाला. पण तो एका जनुकाचा, एका विशिष्ट दोषाचा उपचार आहे. मला मात्र लोक विचारतात, "आता इंजेक्शन निघालंय ना?" आतल्या कानातल्या संवेदनपेशी पुन्हा उगवाव्यात म्हणून तयार केलेलं एफएक्स-३२२ हे औषध २०२३ साली माणसांवरच्या चाचण्यांच्या दुसऱ्या टप्प्यात अपयशी ठरलं. त्याआधी त्याच्या आशेवर किती लेख आले होते! अपयशाच्या बातमीला तेवढी जागा मिळालेली मला दिसली नाही.

तर माझ्या मागण्या.

चौथा गट घ्या. पुरेशा संख्येची, प्लासिबोशी तुलना करणारी ट्रायल आखा. उपचार रोखून धरणं अनैतिक, हे उत्तर मला माहीत आहे. मला विचाराल तर पहिल्या दिवशी मी अशा ट्रायलवर सही केली असती की नाही, सांगता येत नाही, भीतीने बहुधा नसती केली. पण ज्यांचं ऐकणं थोडंच कमी झालंय आणि आपोआप सुधारण्याची शक्यता बरी आहे, त्यांच्यापासून सुरुवात करता येईल. सुधारणा न दिसल्यास ठरावीक दिवसांनी कानात इंजेक्शन देण्याची हमी आधीच देता येईल. नैतिकता समितीने तरीही नकार दिला तर तो नकार कारणांसह प्रसिद्ध करा. ४० वर्षांहून जुना प्रश्न दुर्लक्षाने बंद होऊ नये.

प्रत्येक ट्रायलमध्ये उशीर झाला म्हणून वगळलेल्यांची नोंद ठेवा: किती जण, किती दिवसांनी आले, आधी कुठे गेले होते, त्यांना काय सांगितलं गेलं. त्यांना वर्षभराने एकदा फोन करा. (फोन कुठल्या कानाला लावायचा तेही विचारा.)

मोजमापाचा एकच किमान संच ठरवा, रुग्णांना सोबत घेऊन. गोंगाटातलं संभाषण, दिशा, कानातला आवाज, चक्कर, आणि निदान एक वर्षाचा पाठपुरावा. तो संच न वापरणाऱ्या ट्रायलला निधी देऊ नका. निधी देणाऱ्यांनी एवढं ठरवलं तर बाकीचे आपोआप वळणावर येतील.

संपादकांनी मुख्य निकाल मथळ्यात आणि उपगटाचा निकाल त्याच्या खाली, हा क्रम प्रसिद्धीपत्रकातही पाळावा. लेख मागे घेतला की ज्या ज्या माध्यमांना मूळ पत्रक गेलं होतं, त्या सगळ्यांना नवं पत्रक जावं.

आणि व्यावसायिक संघटनांनी पहिल्या दाराचा अभ्यास हा संशोधनाचाच विषय मानावा. सामान्य डॉक्टर, परिचारिका आणि औषध दुकानदार यांना फोर्कची किंवा गुणगुणण्याची चाचणी शिकवली, तर श्रवणचाचणीपर्यंतचे दिवस कमी होतात का? ही ट्रायल औषधाच्या ट्रायलपेक्षा कितीतरी स्वस्तात होईल. तिच्यातून कुणाला पेटंट मिळणार नाही. म्हणूनच ती सार्वजनिक पैशातून व्हायला हवी.

यातली कुठली मागणी मान्य, कुठली अमान्य आणि का, ते जाहीरपणे सांगावं. खासगी उत्तर नको.

कळावे.

आपली,
एक शिक्षिका व रुग्ण